लाल सोंगटी मारायची नाही

सुभद्राला सोंगट्या खेळता येत होत्या, आणि तिच्यासोबत पटाभोवती बसणाऱ्या तिघींना येत नव्हत्या. अकोटात तिला एवढंच दुःख होतं असं नाही, पण बुधवारी आणि शनिवारी दुपारी बाकीची सगळी दुःखं त्यापुढे किरकोळ वाटायची.

पहाटे वाडीत जाऊन वांगी तोडायची, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायच्या, नवरा देवीदास बैलबंडी घेऊन बाजाराला गेला की स्वयंपाक, धुणंभांडी उरकायची. आणि कापसाच्या जीनचा दुपारचा भोंगा झाला की चार वर्षांच्या सत्यभामेचा हात धरून पार्बताबाईच्या घराची वाट धरायची. ओसरीवर पट अंथरलेला असे. लाल, हिरव्या, काळ्या, पिवळ्या सोंगट्या एका फडक्यात बांधलेल्या असत. आणि पार्बताबाई सात कवड्या ओंजळीत घेऊन, डोळे मिटून, आपल्या कुलदैवतापासून ते कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत सगळ्यांची नावं घेत बसलेली असे. एका दानासाठी इतके देव कामाला लावणारी बाई सुभद्राने दुसरी पाहिली नव्हती. दान मात्र दोनच पडायचं.

सुभद्रा हा खेळ बापाकडून शिकली होती. अमरावतीला राजापेठेच्या बाहेर किसनरावाचा शेवंतीचा आणि मोगऱ्याचा मळा होता. एका उन्हाळ्यात विहिरीच्या काठावरून पडून त्याचा पाय मोडला आणि तीन महिने तो खाटेवर होता. मुलाला बसायचा धीर नव्हता, म्हणून त्याने मुलीला समोर बसवलं. "दान देवाचं असते, चाल आपली असते," तो म्हणे. "वाईट दानावर बी चांगला मानूस जिकते." एकटी सोंगटी उघड्यावर ठेवायची नाही, कारण मागून येणारा तिला मारतो आणि मग तिला पहिल्यापासून सगळा पट चालावा लागतो, दोन सोंगट्या जोडीने ठेवाव्या नाहीतर फुलीच्या घरात बसवाव्या, तिथे कोणी मारू शकत नाही, समोरच्या जोडीच्या कोणत्या सोंगटीला कितीचं दान हवं आहे, ते सतत डोक्यात धरावं. तीन महिन्यांत ती बापाला हरवू लागली. बाप हरला की खुश व्हायचा, तेवढं एक सोडलं तर तो कडक खेळाडू होता.

अशी ही सुभद्रा लग्न होऊन अकोटात आली आणि पार्बताबाईच्या पटावर बसली.

पार्बताबाई साठीची, जाडजूड, पाय दुखणारी. तिच्या लाल सोंगट्या कोणी मारायच्या नाहीत असा तिथला अलिखित नियम होता. कारण रोज वेगळं. "आज एकादस हाय, लाल मारू नोको." "आज माह्या माहेराहून कोनी यिऊन राहिलं, अपशकुन नोको करू." आणि काहीच नसलं तर, "जाऊ दे ना व, म्हातारीची हाय." तिची जोडीदारीण माणिकबाई. तिला सुनेचा विषय निघाला की हात हलवता येत नसे. कवड्या मुठीत, मूठ हवेत, आणि सून मीठ किती टाकते याचं पुराण. चाल झाल्यावर, समोरचीची चाल झाल्यावर, कधी कधी तिच्याही पुढची झाल्यावर माणिकबाई म्हणे, "थांब, थांब, म्या ही नाई, थे चालवनार होती." मग चारही सोंगट्या उचलून पुन्हा मागे ठेवायच्या. कुठे होत्या ते सुभद्रालाच आठवे. तीच ठेवून देई, दात आवळून.

चौथी जमुना. सुभद्राची जोडीदारीण, समोर बसणारी. तीही चांगलं खेळत नसे. पण तिच्या बाबतीत सुभद्रा ते डोळ्याआड करायची, कारण तिथे बसायचं एकमेव कारण जमुना होती.

दोघी एकाच गल्लीतल्या. दोघींच्या बापांचे मळे लागून. एकाच वर्षी दोघींची लग्नं झाली आणि दोघी अकोटात आल्या. सुभद्राचा पहिला मुलगा बाळंतपणात गेला तेव्हा तिची सासू दारात बसून नशिबाला बोल लावत होती आणि जमुना आत तिचं डोकं मांडीवर घेऊन होती. पाच दिवस ती घरी गेली नाही. त्या पाच दिवसांची किंमत जमुनेच्या सासूने, गंगूबाईने, पुढची सगळी वर्षं वसूल केली. जमुनेने कुठे जायचं नाही. विहिरीवर जाताना नणंद सोबत. देवळात सासू सोबत. सुभद्राच्या घरी तर नावच नको. एकच जागा सोडून. पार्बताबाई ही गंगूबाईची मावसबहीण, आणि तिचा शब्द गंगूबाई मोडत नसे. "पोरीले पाठवत जा खेळाले, मले चौथी नाई भेटत," असं पार्बताबाईने एकदा म्हटलं आणि जमुनेसाठी आठवड्यातून दोन दुपारी दार उघडलं.

म्हणून सुभद्रा जायची. चार वर्षं, बुधवार-शनिवार. पटाच्या दोन टोकांना बसून दोघी एकमेकींकडे पाहायच्या. मनातलं बोलता येत नसे, कारण पार्बताबाईचे पाय गेले होते, कान गेले नव्हते. पण निघताना दारापासून लिंबाच्या झाडापर्यंत वीस-पंचवीस पावलं त्यांची असत. तेवढ्यासाठी सुभद्रा दोन-दोन तास मूर्खांचा बाजार सहन करी. आपण किती मोठा त्याग करतो आहोत, याची तिला पूर्ण जाणीव होती. घरी येऊन ती देवीदासाला सांगे, "आज त्या बह्याड बाईनं पंचवीस पडल्यावर कोन्ती सोंगटी चालवली माहीत हाय का?" देवीदासाला माहीत नसे. त्याला वांग्यावरची कीड माहीत होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर मैनाबाई अकोटात आली. तेल्हाऱ्याकडची कुणब्याची बाई, घरची काळी जमीन, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. नातू इंग्रजी शाळेत घातला म्हणून इथे घर घेतलेलं. येतानाच तिने दोन गोष्टी सोबत आणल्या होत्या. एक म्हैस आणि एक हस्तिदंती फाशांचा संच. महिन्याभरात तिने गावातल्या दोन खेळणाऱ्या बाया शोधून काढल्या, आणि तिसरीचं नाव तिला बाजारात कळलं. भाजी घ्यायला आली असताना तिने देवीदासाला विचारलं, "तुमची बाई सोंगट्या खेळते म्हनतात. खेळते का नुसती बसते?"

देवीदासाने हे घरी येऊन सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सुभद्रा तिच्या दारात उभी होती.

मैनाबाईच्या घरी कोणी बोलत नसे. फासे पटावर खुळखुळत पडायचे, दान मोजलं जायचं, सोंगटी सरकायची. उचललेली सोंगटी खाली ठेवली की ठेवली. पहिल्या दिवशी सुभद्राने मैनाबाईची पिकत आलेली सोंगटी मारली, शेवटच्या घराच्या तीन घरं अलीकडे. मैनाबाईने एकादशीचं नाव काढलं नाही. तिने सोंगटीकडे पाहिलं, मग सुभद्राकडे, आणि म्हणाली, "बरोबर केलं." बाप गेल्यापासून पटावर सुभद्राला कोणी असं म्हटलं नव्हतं.

मैनाबाईची नणंद अकोल्याला राहत होती आणि तिथे बायकांचा मोठा फड होता. दरवर्षी माघात एक दिवस बाहेरगावच्या जोड्यांना बोलावून खेळ लावत. या वर्षी मैनाबाईला जायचं होतं आणि जोडीदारीण म्हणून सुभद्रा हवी होती. "पन रोज बसावं लागन," ती म्हणाली. "दुपारी. एक दिवस खाडा नाई."

रोज म्हणजे बुधवार आणि शनिवारही. सुभद्राने क्षणभरही विचार केला नाही. "येतो," ती म्हणाली. विचार तिने वाटेत केला, आणि घरी पोचेपर्यंत त्यातून एक खोटं तयार झालं. तिने शेजारणीकडून पार्बताबाईला निरोप पाठवला की सत्यभामेला ताप आहे, काही दिवस जमणार नाही.

पहिला आठवडा छान गेला. आपल्या जागी पार्बताबाईने सून वच्छला बसवली आहे, हे तिला कळलं. वच्छलेला दहाच्या पुढे मोजता येत नसे. सुभद्राला मनातल्या मनात हसू आलं. आता तिथे चौघीही सारख्याच झाल्या, तिला वाटलं; सुखाने खेळत असतील.

दुसऱ्या शनिवारी ती जायच्या तयारीत होती. जरा बरं लुगडं नेसलेली, केस विंचरलेले. दारात सावली आली. पार्बताबाई. पायांनी अधू बाई भर उन्हात अर्धं गाव चालून आली होती. हातात झाकलेली लोटी. घामाने तिचं कपाळ निथळत होतं आणि धाप इतकी लागली होती की आधी बोलताच येईना. अंगणात सत्यभामा एका हातात पेरू घेऊन कोंबडीमागे धावत होती.

पार्बताबाईने पोरीकडे पाहिलं. मग सुभद्राच्या लुगड्याकडे पाहिलं.

"उतरला वाटते ताप," ती म्हणाली.

"हाव," सुभद्रा म्हणाली. "सकाळीच उतरला."

"बरं झालं. गुळवेलीचा काढा हाय. तरी बी पाज. कडू हाय, पन फेरून येत नाई मंग ताप." तिने लोटी उंबऱ्यावर ठेवली. "लोटी पाठव कोनासंगं. घाई नाई." आणि ती वळली. सुभद्राने तिला बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही.

ती दिसेनाशी झाल्यावर सुभद्राने काढा कढीलिंबाच्या बुडाशी ओतला. या बाईला उन्हात तडफडत यायला सांगितलं कोणी, असं ती स्वतःशी पुटपुटली. इतका भोळेपणा कशाला दाखवायचा? दोन दिवस ती पार्बताबाईवर चिडून होती. खोटं आपण बोललो आणि चीड तिची येते आहे, हे तिच्या लक्षात येत होतं, त्यामुळे ती आणखी चिडायची.

माघात सुभद्रा आणि मैनाबाई सर्व्हिस मोटारीने अकोल्याला गेल्या. नणंदेच्या माडीवर सतरंज्या घातल्या होत्या. सहा पट मांडलेले, भोवती तीस-चाळीस बाया, आणि तरी शांतता अशी की खालच्या रस्त्यावरच्या टांग्याच्या घोड्याच्या टापा ऐकू येत होत्या. सुभद्राला वाटलं, आपण आपल्या जातकुळीत आलो. इथे प्रत्येक बाई पटाकडे पाहत होती, सुनांकडे नाही.

पहिला डाव त्या दोघींनी जिंकला. मैनाबाईने मान हलवली. दुसऱ्या डावात समोर दोन बहिणी होत्या, सावळ्या, सडपातळ, पन्नाशीच्या. आयुष्यभर एकमेकींसमोर बसून खेळलेल्या असाव्यात, कारण त्या एकमेकींकडे पाहतही नव्हत्या. डाव मध्यावर आला. सुभद्राच्या दोन काळ्या सोंगट्या जोडीने होत्या. दान सहाचं पडलं. तिने जोडीतली एक उचलली आणि पुढे नेली. मागची एकटी उघड्यावर राहिली. तिने ते पाहिलंही नाही. हात आपोआप चालला होता.

धाकट्या बहिणीने फासे टाकले, मोजले आणि काळी सोंगटी मारली. पुढे आपल्या दानाला मोठीने दुसरी मारली.

असं एकदा झालं असतं तर दानाचा दोष म्हणता आला असता. त्याच डावात तिसऱ्यांदा सुभद्राने एकटी सोंगटी मागे सोडली तेव्हा समोरच्या मोठ्या बहिणीने प्रथमच तोंड उघडलं. अगदी सौम्यपणे तिने विचारलं, "तुमी नवीन शिकल्या का व?"

आजूबाजूच्या दोघी-तिघी हसल्या. आणि त्याच वेळी सुभद्राला उमगलं, काय झालं आहे ते. पार्बताबाईच्या ओसरीवर एकटी सोंगटी सोडली तरी चालायची. तिथे कोणी पाहतच नव्हतं. माणिकबाईला दिसली तरी ती मारायची विसरायची आणि पार्बताबाईला मारायला आवडत नसे. चार वर्षं सुभद्रा राखण न करता खेळली होती आणि जिंकत होती, म्हणून आपण चांगलं खेळतो असं धरून चालली होती. ज्यांना ती बह्याड म्हणायची, त्यांच्यात बसून तिचा हात त्यांच्याइतकाच सैल झाला होता. आणि त्यांना निदान आपल्याला येत नाही हे माहीत होतं.

डाव गेला. तिसराही गेला.

परतीच्या मोटारीत मैनाबाई दहीहंडा गाव येईपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "कोनासंगं खेळत होत्या तुमी इतके वर्स?"

सुभद्राने सांगितलं.

"हात चांगला हाय तुमचा. सवय खराब हाय. सवय जाते, पन त्याले एकच औषध हाय. त्या बायांत आता पाय ठेवाचा नाई. एक दिवस बी नाई. माह्याकडे वर्सभर बसा, पुढच्या माघात या दोघी बहिनींले रडवू आपन." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "नाई जमत तं आताच सांगा. म्या दुसरी पाहतो."

सुभद्रा म्हणाली, "जमन." मैनाबाईचं बोलणं तिला पटलं होतं. अक्षर न् अक्षर पटलं होतं. लोटी परत करायची राहिली होती, तेवढं निमित्त करून एकदा जावं, पार्बताबाईला तोंडावर सांगावं आणि जमुनेला लिंबापर्यंत सोडावं, असं तिने ठरवलं.

बुधवारी ती गेली. पट मांडलेला होता. माणिकबाईची मूठ हवेत होती. वच्छला बोटं मोजत होती. पार्बताबाईने लोटी घेतली, आत नेऊन ठेवली आणि काही विचारलं नाही. जमुना मात्र पटावरून उठली. "मावशे, पानी पिऊन येतो," ती म्हणाली आणि सुभद्राला मनगटाला धरून मागच्या अंगणात घेऊन गेली.

ती वाळली होती. गळ्याची हाडं वर आली होती.

"जमुने, म्या सांगाले आली का..."

"मले माहीत हाय. मैनाबाईकडे जातं तू. अकोल्याले गेल्ती. साऱ्या गावाले माहीत हाय. पार्बतामावशी काढा घिऊन आली होती तवापासून तिले बी माहीत हाय."

"मंग कोनी बोललं कावून नाई?"

"काय बोलाचं? तुले खेळ आवडते, तिकडे चांगला खेळ हाय, तू गेली." जमुनेने पदर डोक्यावर ओढला. "माही सासू रोज इचारते, थे सुभद्रा येत नाई आता, तं तू कावून जातं? म्या म्हनतो, मले सोंगट्या लय आवडतात. खोटं बोलू बोलू जीभ झिजली माही."

"खोटं?"

"सुभद्रे, मले हा खेळ बिलकुल आवडत नाई. कधीच आवडला नाई. डोकं दुखते माहं. अमरावतीले बी नोता आवडत. तुहे बाबा खेळायचे, तू खेळायची, म्हनून म्या बसाची. चार वर्सं झाले, मी त्या कवड्यांकडे पाहतो आनि मोजतो, किती डाव झाले, किती राह्यले, कवा उठतो आनि लिंबापरेंत जातो."

चार वर्षं सुभद्रा समोर बसून जमुनेच्या चुका पोटात घालत होती, तिच्यासाठी हा खेळ सोसत होती. आणि जमुना तिच्यासाठी सोसत होती. दोघींना नको असलेला डाव दोघींनी मिळून शेकडो वेळा मांडला होता.

"मंग ह्या सहा हप्त्यांत कावून येत राह्यली तू?" तिने विचारलं. "मी नोती तं."

"म्या बंद केलं असतं तं सासूनं दार लावून घेतलं असतं. मंग तू वापस आली असती, तं कोठी भेटली असती मी तुले?"

आतून माणिकबाईची हाक आली. वच्छलेने कोणाची तरी सोंगटी चुकून घरात नेली होती आणि ती कोणाची ते कळत नव्हतं.

सुभद्रा मैनाबाईकडे त्याच संध्याकाळी गेली. कारण सांगताना तिने खोटं वापरलं नाही. म्हणाली, माझी मैत्रीण तिथे आहे, मला तिथेच बसावं लागेल. मैनाबाई फासे पुसत होती. "मैत्रीन खेळते का चांगली?" तिने विचारलं. "नाई," सुभद्रा म्हणाली, "तिले आवडत बी नाई." मैनाबाईने फासे डबीत ठेवले, डबीचं झाकण लावलं. "वाया गेल्या तुमी," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. फळ न धरलेल्या झाडाबद्दल बोलावं तसं ती बोलली. तिने कधी सुभद्राला मुलंबाळं किती हेही विचारलं नव्हतं, आणि सुभद्राला ते पूर्वी आवडायचं.

मग पुन्हा बुधवार-शनिवार. कोणाला वाटेल, सुभद्रा आता मऊ झाली असेल. तसं काही झालं नाही. माणिकबाईच्या सुनेचं मीठ तिला पूर्वीइतकंच खारट लागे. पार्बताबाईची एकादशी महिन्यातून सहा वेळा येई. उलट आता तिचा संताप वाढला होता, कारण आपला हात इथे रोज थोडा थोडा कुजतो आहे, हे तिला ठाऊक होतं. फरक एवढाच झाला होता की पंचवीसचं दान पडून पार्बताबाईने नेमकी चुकीची सोंगटी उचलली की सुभद्रा समोर पाहायची आणि जमुना ओठ आवळून हसू दाबत असायची. मैनाबाई पुढच्याच वर्षी नातवाला घेऊन तेल्हाऱ्याला परत गेली; पोराला इंग्रजी झेपेना.

अशी आणखी दोन वर्षं गेली. मग जमुनेच्या नवऱ्याला, सूर्यभानला, अकोल्याच्या एका जीनमध्ये गाठी तोलायचं काम मिळालं. गंगूबाईने गाव सोडायला नकार दिला. "म्या नाई येत, तुमी जा," ती म्हणाली, आपल्यावाचून ते जाणार नाहीत या भरवशावर. ते गेले. जमुना बंडीत बसताना सुभद्राच्या गळ्यात पडून रडली, आणि मग तिच्या कानात म्हणाली, "आता मले सोंगट्या खेळा लागनार नाई." रडता रडता दोघी हसल्या. गंगूबाईला ते मुळीच आवडलं नाही.

आता सुभद्राला तिथे बसायचं काही कारण उरलं नव्हतं. ताप वगैरे सांगायचा नाही, सरळ बोलायचं, असं तिने ठरवलं. बुधवारी ती जरा लवकर गेली. माणिकबाई आलेली नव्हती. पार्बताबाई पट झटकत होती.

"मावशे," सुभद्रा उभ्यानेच म्हणाली, "मी आजपासून येनार नाई. जमुना होती म्हनून येत होती. मले तुमचा खेळ आवडत नाई."

पार्बताबाईने पट नीट अंथरला. चारही टोकं सरळ केली. गुडघ्यावर हात ठेवून ती खाली बसली. मग म्हणाली, "माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"तुले आवडत नाई थे. सहा वर्सं झाले, तू अशी बसतं जशी कोनी एरंडेल पाजून राहिलं. माह्यावाली लाल सोंगटी मारू नोको म्हनलं का तुह्या नाकपुड्या फुगतात." तिने फडकं सोडलं, सोंगट्या पटावर ओतल्या आणि रंगवार लावायला घेतल्या. "मले काय सुखाचं होतं का तुह्यासमोर बसनं? सासूच्या पंगतीत जेवल्यावानी होते. माणिक तं मले दर खेपी म्हने, काढ व तिले, मोकळं बोलता येत नाई. म्या म्हनलं, नाई. त्या दोन पोरींले बसाले दुसरी जागा नाई गावात. गंगी कशी हाय म्या लहानपनापासून पाहून राहिली. थे जमुनेले घरात सडवून टाकती."

सुभद्राने घरंगळलेली एक सोंगटी उचलून पटावर ठेवली.

"तुमाले चौथी भेटत नोती," ती कशीबशी म्हणाली. "तुमी असं सांगतलं होतं गंगूबाईले."

"चौथी?" पार्बताबाईने हिरव्या सोंगट्या एका बाजूला सारल्या. "माह्या घरात दोन सुना हायेत, बाजूले जाऊ हाय. मले चौथीचा काय तोटा? जा आता. माणिक येते, तिले आज खुशी होईन."

सुभद्रा निघाली. दारात माणिकबाई भेटली, सुनेबद्दल काहीतरी सांगू लागली, सुभद्राने ते ऐकलं नाही. लिंबाजवळून जाताना तिची पावलं भराभर पडत होती. आपण सोसतो आहोत आणि कोणाला कळू देत नाही, याचा सहा वर्षं तिला अभिमान होता. तिला वाटे, ती त्या ओसरीवर उपकार करायला बसते. आणि ज्या बाईला कवड्या नीट मोजता येत नव्हत्या, तिने हे सगळं पहिल्या दिवसापासून मोजून ठेवलं होतं.

देवीदास वाडीत मुळे धुवत बसला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मले कोनी आवडत नसन तं माह्या तोंडावर दिसते का?"

त्याने मुळा पाण्यात बुडवला, माती चोळून काढली. "गावाले दिसते," तो म्हणाला.

"मंग सांगतलं कावून नाई कधी?"

"तू इचारलं कुठी?"

फाल्गुनात होळी झाल्यावर सुभद्रा सत्यभामेला घेऊन अकोल्याला गेली. जमुनेने दोन खोल्यांचं घर घेतलं होतं, मागे एवढीशी जागा होती आणि तिथे तिने शेवंती लावली होती. सुभद्राने पार्बताबाईचं सगळं सांगितलं, तिच्या नाकपुड्यांसकट. जमुना इतकी हसली की तिला खांबाला धरावं लागलं. "तिले माहीत होतं?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. "सारंच?"

"सारं," सुभद्रा म्हणाली. "पन खेळते बह्याडासारखीच." आणि तिने भाकरीचं पीठ आपल्याकडे ओढलं, कारण जमुनेला भाकरीही धड थापता येत नव्हती.